पेवातलं तेल

लग्न होऊन मी कृष्णाकाठच्या गावी आले, तेव्हा देवाच्या पाया पडल्यावर मला लगेच दाखवलं ते इंजिन. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः विहिरीवर नेलं आणि त्याला हळदकुंकू लावायला सांगितलं. माझं माहेर माणदेशातलं. तिकडं प्यायच्या पाण्याचीच मारामार. निम्मे गडी मुंबईला गिरणीत, उरलेले मेंढरांमागं. पाणी ओढणारं यंत्र असतं हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. वडलांनी मला इकडं दिली ती पाण्याकडं बघूनच. मुलगा कसा आहे हे त्यांनी नंतर विचारलं. माझं नशीब बरं म्हणून मुलगाही बरा निघाला.

ते इंजिन तेलावर चालायचं. त्या तेलाला तेव्हा आमच्याकडं डिझेल कुणी म्हणत नव्हतं. क्रूड तेल म्हणायचे, नाहीतर नुसतं इंजिनाचं तेल. काळपट, दाट, आणि वास असा चिकट की हात राखेनं घासले तरी भाकरीत उतरायचा. आमचे हे जेवताना भाकरी नाकाशी न्यायचे, माझ्याकडं बघायचे आणि विचारायचे, आज फोडणी कुठल्या तेलाची घातली? मी काही गप्प बसणारी नव्हे. मी म्हणायची, आवडत नसेल तर इंजिनाला घाला, ते मुकाट्यानं खाईल. आत्याबाई, माझ्या सासूबाई, चुलीपुढं तोंडाला पदर लावून हसायच्या. घरात आम्ही चौघंच होतो.

पण त्या हसण्याच्या पोटात भीती होती, आणि ती मामंजींनी घातलेली होती. मामंजी, म्हणजे ह्यांचे आबा, पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याकडं जाऊन आलेले. तिथं त्यांनी तेलाचा साठा पेटलेला पाहिला होता. उजव्या दंडावरची कातडी पिळलेल्या फडक्यासारखी आखडलेली होती. ती कशानं, हे ते कधी नीट सांगायचे नाहीत. एवढंच म्हणायचे की पाण्यानं विझत नाही ती आग, पाण्यावर बसून ती पुढं चालत येते. परत आल्यावर त्यांनी चिलीम सोडली ती कायमची. आमच्या वस्तीवर विडी ओढत कुणी आलं, मग तो पाटील असो की पाव्हणा, मामंजी त्याच्या सगळ्या कुळाचा उद्धार करायचे.

दुसरी लढाई सुरू झाली आणि तेल परमिटावर गेलं. परमिट हातात असलं तरी सांगलीला गाडी जुंपून जावं, दिवसभर तिष्ठावं आणि रिकामं पिंप वाजवत परत यावं, असं व्हायला लागलं. मामंजींनी मनाशी एक ठरवलं. पावसाळ्यात इंजिन बंद असतं. त्या महिन्यांत मिळेल ते तेल वापरायचं नाही, उन्हाळ्यासाठी राखायचं. उसाचं पीक उन्हाळ्यात पाण्यावाचून आठ-पंधरा दिवस राहिलं की गेलंच. तेल हाताशी असलं तर ऊस जगणार, नाहीतर नाही, इतकं ते सरळ होतं.

आता तेल राखणं म्हणजे काय ते मी त्या वर्षी शिकले, आणि बाळंतिणीचं इतकं करत नाहीत असं मला वाटलं. पिंप उभं ठेवायचं नाही. उभं ठेवलं की झाकणावर दव साठतं, दिवसा तापतं, रात्री निवतं, आणि बुचाच्या आट्यातून ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून आडवं ठेवायचं, लाकडाच्या ओंडक्यांवर, जमिनीला टेकू द्यायचं नाही. काठोकाठ भरलेलं असलं पाहिजे, कारण अर्धवट पिंपाला आतून घाम सुटतो आणि तो घाम तळाला जाऊन बसतो. काढताना पहिला तांब्याभर गाळ बाजूला काढायचा, मग उरलेलं धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं. आधी आलेलं आधी वापरायचं. ऊन लागू द्यायचं नाही. आणि शंभर हातांच्या आत विस्तव नाही.

ही शेवटची अट मला छळायची. पिंपं होती गोठ्याच्या मागच्या छपरात, आणि माझी चूल गोठ्याच्या अलीकडं. मधे कुडाची भिंत आणि कडब्याची गंज. शंभर हात कुठले आलेत! मी चूल पेटवताना फुंकर मारायची ती जीव मुठीत धरून. वारा सुटला की मी भाकरी अर्धी टाकून आधी राख सारायची. झोपेत मला पाण्यावरून चालत येणारी आग दिसायची, आणि जागी झाले की मी वास घेत पडून राहायची, की जास्त येतोय का, कमी येतोय का. मला खरंच भीती वाटायची. नव्या सुनेनं भीती वाटते म्हणून सांगायचं कुणाला? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, माणदेशात पाऊस बघूनसुद्धा तुमी भ्यात असाल. मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

मग गुऱ्हाळाचा हंगाम आला. आमच्या शेजारच्या मळ्यात गुळाचं गुऱ्हाळ लागलं होतं. एक दिवस दुपारी वारा फिरला आणि चुलवाणाच्या धुराड्यातून उडालेली ठिणगी येऊन आमच्या छपरावर पडली. पाचटाचं छप्पर. आत्याबाई शेणाची पाटी घेऊन तिथंच होत्या म्हणून बरं. त्यांनी ओल्या शेणाचा पो तसाच उचलून त्या धुरावर थापला. छपराला टोपलीएवढं भोक पडलं, बस्स. मामंजी आले, त्यांनी त्या भोकाकडं पाहिलं, खाली पिंपांकडं पाहिलं, आणि ते मटकन ओट्यावर बसले. डाव्या हातानं त्यांनी तो आखडलेला दंड धरला होता. त्या माणसाला भ्यालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्याच संध्याकाळी ठरलं की तेल पेवात न्यायचं.

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. आमच्या काठाची माती अशी आहे की खोल खड्डा खणला तरी ढासळत नाही, आणि त्यात हळद वर्षानुवर्षं टिकते. तोंड अरुंद, खाली घागरीसारखं पोट, दोन पुरुष खोल. आमचं एक पेव मळ्याच्या टोकाला पडीकच होतं. त्याचं तोंड एका बाजूनं ढासळून रुंद झालं होतं म्हणून त्यात हळद भरत नव्हते. मामंजी म्हणाले, ह्याच्यापेक्षा चांगली जागा जगात नाही. ऊन नाही, वारा नाही, ठिणगी पोचायची नाही, आणि बाराही महिने गारवा सारखा.

पेवात माणूस उतरायच्या आधी आमच्याकडं एक रीत पाळतात. पेव उघडून एक दिवस तसंच ठेवायचं, आणि मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील तळाला जळत राहिला तर उतरायचं. विझला तर नाही. बंद पेवातली हवा मरते, ती माणसाला धरते, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दिवाळीनंतर आम्ही पेव उघडलं तेव्हा मामंजींनी ही रीत बिनचूक पाळली. कंदील झकास जळला. हे खाली उतरले, त्यांनी तळ झाडला, ओल लागू नये म्हणून वाळलेलं पाचट जाड अंथरलं, त्यावर ओंडके मांडले. मग मोटेचा नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, लावून बैलांच्या जोरावर पिंपं एकेक करून खाली सोडली. वर फरशी ठेवली, कडेनं शेणमातीनं लिंपली, वर माती ओढली. मी घरी येऊन चूल अशी भडकवली की आत्याबाई म्हणाल्या, लगीन हाय का काय. त्या रात्री मी गाढ झोपले.

उन्हाळ्यापर्यंत कुणी त्या पेवाकडं फिरकलं नाही. उलट तिकडं फिरकायचंच नाही असं ठरलं, कारण आता भीतीनं दुसरं तोंड काढलं होतं. तेल दडवून ठेवणाऱ्यांच्या घरी झडत्या होत होत्या. आमचं तेल परमिटाचंच, पण वापरायचं सोडून जमिनीत पुरलंय म्हटल्यावर कोण ऐकून घेणार? शिवाय सरकारशिवायही तेलाला गिऱ्हाईक होतंच. वाटेवर अनोळखी माणूस थांबला की मी दाराआड जायची. मामंजी बाजारात सगळ्यांच्या आधी ओरडायचे की आमचा ऊस वाळतोय, आणि घरी येऊन मान खाली घालून बसायचे. खोटं त्यांना पचत नसे.

चैत्र सरला आणि ऊस खरंच वाळायला लागला. पानं दुपारची वळून सुरळी व्हायची आणि संध्याकाळीही उलगडायची नाहीत. सांगलीहून हे रिकाम्या हातानं परतले. मामंजी म्हणाले, काढू या.

पिंप वर काढायचं तर बैल, माणसं, गलका, सगळं आलं. त्यापेक्षा ह्यांनी खाली उतरायचं, पिंपाला तोटी लावून रॉकेलच्या डब्यात तेल भरायचं, आणि आम्ही वरून डबे ओढायचे, असं ठरलं. वेळ भर दुपारची धरली, वाटेवर चिटपाखरू नसतं तेव्हाची. मामंजी, आत्याबाई, हे आणि मी. आम्ही चौघांनी लिंपण फोडलं आणि फरशी सरकवली. आतून वास आला तो तेलाचा, आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी, कुजलेल्या वैरणीसारखा आंबूस.

मी म्हणाले, दिवा सोडा आधी.

मामंजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच दंडाला कोलीत लावायला निघालेय. ते म्हणाले, "तेलावर दिवा? शुद्धीत हायस न्हवं तू?"

मी म्हटलं, मग उद्यापर्यंत उघडं तरी राहू दे. ते म्हणाले, वास वाटेपर्यंत जातोय, उद्यापर्यंत सगळा गाव इथं गोळा होईल. आणि दिवाळीला दिवा सोडून बघितलाय की, तेच पेव, तेच तोंड, आता तर जास्तच रुंद. त्यांचं बोलणं चुकीचं वाटावं असं नव्हतं. तेलाजवळ विस्तव नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. पेवात दिव्यावाचून नाही, हेही जन्मभर पाळलेलं. त्या दुपारी दोन्ही एकदम पाळता येणार नव्हतं. त्यांनी ज्याची भीती जास्त ते धरलं.

मी ह्यांच्याकडं वळले. म्हटलं, आवं, तुमी तरी ऐका. हे धोतर खोचत हसले. म्हणाले, "तू वरनं बडबडत ऱ्हा. मी खालनं व्हय व्हय म्हंतो. घरात तरी दुसरं काय करतो?" आणि भिंतीतल्या खोबणीत पाय देत ते खाली गेले.

मी बडबडत राहिले. पिंपं कशी आहेत, गंज आहे का, पाय कुठं टेकलाय, काय वाटेल ते. खालून आवाज येत होता. पाचट ओलं झालंय म्हणाले, कुजलंय. पहिला डबा भरून आला. मामंजींनी झाकणावर थोडं तेल घेऊन उन्हात धरलं, चिमटीत चोळलं, आणि त्यांचा चेहरा मी लग्नानंतर पाहिला नव्हता इतका खुलला. तेल नितळ होतं. पाण्याचा थेंब नाही, गाळ नाही. ते आत्याबाईंना म्हणाले, बघ, कालच आणल्यासारखं.

दुसरा डबा यायला वेळ लागला. माझ्या ध्यानात आलं की हे उभे असले की बोलतात, आणि तोटीपाशी वाकले की गप्प होतात. पुन्हा उभे राहिले की धापा टाकत बोलतात. मी म्हटलं, धाप का लागतीय? म्हणाले, उकडतंय. पेवात कधी उकडत नाही. मी म्हटलं, या वर, आत्ताच्या आत्ता या, तेल गेलं खड्ड्यात. ते म्हणाले, एवढा भरतो की. मग डबा पडल्याचा आवाज आला.

मग काहीच आलं नाही.

मी हाका मारल्या. मामंजींनी मारल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, मी घेतलं, सासऱ्यांच्या देखत, ओरडून घेतलं. खाली अंधारात काही पांढरं दिसत होतं ते त्यांचं धोतर असावं. ते हलत नव्हतं.

मामंजींनी पटका सोडून नाकातोंडाला गुंडाळला आणि नाड्याचं टोक हातात घेतलं. मला कळलं ते काय करतायत. मी त्यांच्या धोतराचा सोगा धरला. सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही, पण मी धरला आणि सोडेना. त्यांनी माझी बोटं एकेक करून उलगडली. रागानं नाही. म्हणाले, "पोरी, नाडा धर. मी हिसका दिला की वढा. मदी थांबू नका."

ते उतरले. नाडा आमच्या हातातून सरकत गेला, थांबला, थोडा हलला, पुन्हा थांबला. तेवढा वेळ मी कशी उभी होते ते मला आजही सांगता येत नाही. मग हिसका आला. एकच, पण चांगला जोराचा. मी आणि आत्याबाईंनी ओढायला सुरुवात केली, आणि मी बोंब ठोकली. तेल, झडती, वास, गाव, सगळं मेलं. मी अशी ओरडले की शेजारच्या मळ्यात बाभळीखाली आडवे झालेले दोघं बांध ओलांडून धावत आले. चौघांनी ओढलं. हे वर आले, काखेतून नाडा बांधलेला, गाठ पक्की, तोंड निळसर, अंगभर तेल. मी त्यांना पालथं घातलं, पाठीवर बुक्क्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यांनी उचकी दिल्यासारखा श्वास घेतला. मग आणखी एक.

नाडा सोडून परत खाली टाकला. तो कुणी धरला नाही.

दोघांतला एकजण, तरणा गडी, लगेच खोबणीत पाय घालायला निघाला. मी त्याच्या आडवी झाले. म्हणाले, आधी दिवा. तो म्हणाला, वयनी, खाली तेल हाय. मला ठाऊक होतं खाली तेल आहे. माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी घराकडं पळाले, चुलीतला निखारा फुंकून कंदील पेटवला, आणि उन्हातून तो जळता कंदील घेऊन पेवाकडं आले. सगळे मागं सरले. आत्याबाई तेवढ्या हलल्या नाहीत. मी दोर सोडत गेले तसा कंदील भिंतीला खणखण आपटत खाली चालला. मी डोळे मिटले. पाण्यावरून चालत येणारी ती आग येणार, आणि मामंजी खाली आहेत, आणि मीच ती सोडतेय, एवढं एकच डोक्यात होतं.

काही झालं नाही. डोळे उघडून खाली पाहिलं तर कंदील पेवाच्या पोटापाशी पोचत होता. ज्योत बारीक झाली, पिवळी झाली, आणि विझली. भडका नाही, आवाज नाही. तेल पेटलं नाही. पेटायला तिथं हवाच नव्हती, कुजलेल्या पाचटानं ती मारून टाकली होती. मी दोर वर ओढला, काच अजून गरम होती. दिवा सोडला असता तर एवढंच झालं असतं.

मग कुणी सुपानं, कुणी घोंगडी हलवून खाली वारा घालायला लागले. पाण्याच्या घागरी आणून कुणी कडेकडेनं ओतू लागलं, त्यानं मेलेली हवा हलते म्हणतात. गाव गोळा झालं. तेलाचा कुणी शब्द काढला नाही. आत्याबाई पेवाच्या तोंडाशी बसल्या होत्या. नाड्याचं वरचं टोक त्यांच्या मुठीत होतं आणि हिसका यायची वाट बघत त्या ते घट्ट धरून होत्या.

मी बाभळीच्या सावलीला ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी डोळे उघडले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओठ हलत होते, म्हणून मी कान खाली नेला.

ते म्हणाले, "डबा सांडला गं माज्या हातनं. आबास्नी सांगू नगं."

न्हाई सांगत, मी म्हणाले.